डीनच्या जंगलात आईबाबांना कुठे फिरवू? (मी स्वतः तिथे हरवून आलोय)

कंदीपेढा
नमस्कार मंडळी. ब्रिस्टलला राहतो, चार वर्षं झाली. एप्रिलच्या शेवटी आईबाबा साताऱ्याहून येतायत, सहा आठवडे मुक्काम. लंडन, बाथ वगैरे होईलच, पण बाबांचं एकच, "जरा रान दाखव." बाबा ६९, पाटबंधारे खात्यातून रिटायर, अजून रोज सकाळी अजिंक्यतारा चढतात आणि वरून मला फोटो पाठवतात. आई ६४, डावा गुडघा कुरकुरतो. सपाटीला दोन तास आरामात चालेल, पण उतार म्हटला की नको.

आमच्यापासून तासाभरावर फॉरेस्ट ऑफ डीन आहे, सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या बेचक्यात. तिथेच न्यावं असं मनात आहे. पण खरं सांगायचं तर फेब्रुवारीत मी आणि बायको (ती पण इथे सभासद आहे, वाचत असेल, नमस्कार) तिथे पार हरवलो होतो. स्पीच हाऊसला (जंगलाच्या मधलं जुनं हॉटेल) गाडी लावली, दुपारी दीडला निघालो, म्हटलं तासाभराचा राउंड मारू. उंची बघाल तर काहीच नाही, घाम पण आला नाही, पण चार वाजता लक्षात आलं की हा लाकडाचा ढीग आपण मगाशी पण बघितलाय. साडेपाचला अंधार, मोबाईलला रेंज नाही, नंतर बॅटरी पण गेली. शेवटी लांबून गाड्यांचे दिवे दिसले, त्या दिशेने काट्याकुट्यातून गेलो तर कॅनॉपच्या चौकात बाहेर पडलो आणि तिथून फुटपाथ नसलेल्या रस्त्याने अंधारात चढत गाडीपाशी.

तर प्रश्न दोन. आईबाबा दोघांनाही जमेल अशी वाट कुठली? आणि आपल्याकडे भीमाशंकरला न हरवलेला माणूस इथे हरवतो कसा?

पुणेरी_पाटी
त्या जंगलातला सगळ्यात उंच डोंगर रुअर्डीन हिल, उंची साधारण २९० मीटर. पुणे स्टेशन समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे तुम्ही प्लॅटफॉर्म नंबर एकच्या अर्ध्या उंचीवर हरवलात. अभिनंदन.

मीच_ती
डावीकडे वळू या असं मी तीन वेळा म्हणाले होते. बाकी चालू द्या.

कंदीपेढा
दोन वेळा.

सह्यवेडा
पाटी, उंचीचा संबंध नाही हो. आपल्याकडे हरवायला उंची लागत नाही आणि सापडायला लागते. सह्याद्रीत मान वर केली की कडा दिसतो, सुळका दिसतो, खाली गाव किंवा धरणाचं पाणी दिसतं, त्यावरून माणूस अंदाज बांधतो. इथे मान वर केली की बीचची फांदी. मी दोन वर्षं ग्लॉस्टरला होतो, डीनमध्ये बरेचदा गेलोय. सगळं जंगल लहान लहान टेकड्यांवर अंथरलेलं, एक उतरलात की दुसरी, आणि लाकूडतोडीसाठी केलेले खडीचे रस्ते दर दोनतीनशे मीटरला फुटतात, सगळे रुंद, सगळे मळलेले, सगळे "मीच खरा" म्हणणारे. आपल्याकडे ढोरवाट निदान बारीक असते, बघून संशय तरी येतो. इथली ढोरवाट ट्रक जाईल एवढी.

भटकभवानी
+१ सह्यवेडा. चेल्टनहॅमला आहे मी, आमचा सातआठ बायकांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा जातो. कंदीपेढा, पहिलं काम कर, ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १४ नंबरचा नकाशा घे, वाय व्हॅली आणि डीनचा. कागदाचा घे. चार सेंटीमीटरला एक किलोमीटर, प्रत्येक ओढा, प्रत्येक कुंपण, जुन्या खाणीसुद्धा आहेत त्यात. फोनवर पण घे पण घरून डाउनलोड करून, कारण तिथल्या दऱ्यांत रेंज बेभरवशाची. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकली पण. आणि त्या खांबांवरचे रंगीत पट्टे वेगळे, ते त्या त्या ट्रेलचे, दोन्हीची गल्लत केली की झालंच.

आणि फेब्रुवारीत दुपारी दीडला निघणाऱ्या माणसाला मी काय बोलू?

गोधडी
आईच्या गुडघ्यासाठी माझं एकच मत, सायमंड्स यॅटचा नदीकाठचा राउंड. माझ्या सासूबाईंना (७१, दोन्ही गुडघे) नेलं होतं. यॅट ईस्टला नदीकाठी सुरुवात करायची, तिथून पूर्वी रॉस ते मॉनमथ रेल्वे जायची, १९५९ ला बंद झाली, त्या रुळांच्या जागी आता वाट आहे. रेल्वेची वाट म्हणजे चढउतार नाहीच. वाय नदी उजव्या हाताला, डोक्यावर जंगल, पुढे बिब्लिन्सचा झुलता पूल येतो. तो हलतो. एका वेळी मोजक्याच माणसांनी जायचं असतं आणि कोणतरी टारगट पोरगं मुद्दाम उड्या मारत असतंच. पलीकडच्या काठाने परत आलात की यॅट वेस्टवरून होडीने ईस्टला. ही होडी बघण्यासारखी आहे, ना वल्हं ना इंजिन, नदीवर आडवा दोर बांधलाय आणि नावाडी तो हाताने ओढत ओढत नेतो. सासूबाई म्हणाल्या, आमच्या कृष्णेवर लहानपणी अशीच नाव होती. एकूण पाच किलोमीटरच्या आसपास.

नदीला पाणी वाढलं की होडी बंद असते, जाण्याआधी चौकशी करा. सुटे पैसे ठेवा.

भटकभवानी
छान आहे पण शनिवार-रविवारी नको. ईस्टला उतरणारा रस्ता अरुंद, समोरून गाडी आली की दोघांतल्या एकाने उलटं जायचं. पार्किंग मिळालं तर नशीब. आठवड्याच्या मधे जा, दहाच्या आत.

वरती यॅट रॉकला मात्र जरूर जा. गाडीतळापासून चालणं थोडंच आहे आणि एकदम दरी उघडते, नदी खाली मोठा वळसा घेऊन जवळजवळ त्याच जागी परत आलेली दिसते. एप्रिल ते ऑगस्ट समोरच्या कड्यावर बहिरी ससाणे घरटं करतात, तिथे दुर्बिणी लावून पक्षीवाले स्वयंसेवक उभे असतात, कौतुकाने दाखवतात. यॅट म्हणजे जुन्या बोलीत खिंड, असं त्यांच्यातल्याच एका आजोबांनी सांगितलं.

मिसरूड
पझलवूड राहिलं की! स्टार वॉर्सचं शूटिंग झालं तिथे.

गोधडी
मिसरूड, गुडघा असलेल्या बाईला पझलवूडला? आम्ही ते पाप केलंय. तिकीट काढून आत गेलो, आणि जागा अफाट आहे यात वादच नाही, खडकांच्या भेगांतून वाट जाते, शेवाळाने सगळं हिरवंगार, यू झाडांची मुळं खडकावरून अशी ओघळलेली जसं कोणी मेणबत्त्या लावून विसरून गेलंय. पण पायऱ्या वेड्यावाकड्या, निसरड्या, पूर्ण वाट जेमतेम दीड किलोमीटर पण सासूबाई आणि मी दीड तास एकमेकींना धरून. शेवटी त्या म्हणाल्या, "अगं यापेक्षा जेजुरी बरी, निदान वर देव तरी आहे."

सह्यवेडा
:)) पण बाबांना दाखवण्यासारखं आहे ते. त्या खड्ड्यांना तिथे स्काउल्स म्हणतात. मुळात चुनखडकातल्या गुहा, त्यात लोखंडाचा दगड, तो लोकांनी रोमन काळापासून आणि त्याच्याही आधीपासून कोरून कोरून काढला, छप्परं पडली, वर जंगल वाढलं. एवढं "निसर्गरम्य" म्हणून जे दिसतं ती खरं तर बेवारस खाण आहे. आख्खं डीनच तसं आहे. कुठेही खड्डा दिसला की समजायचं, कोणीतरी काहीतरी काढून नेलंय.

चिखलू
बुटांचं कोणीच बोललं नाही. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांकडे पांढरे स्पोर्ट्स शूज असतात. डीनचा चिखल तांबडा-काळा, तो पांढऱ्या बुटाला लागला की बूट त्याचा. मे महिन्यात पण असतो, घोडे जाऊन जाऊन काला झालेला. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ घ्या, आणि गाडीच्या डिकीत जुनं वर्तमानपत्र आणि दुसरी जोडी.

कानडीकाठ
मला रानडुकरांची भीती वाटते, खरंच आहेत का तिथे?

चिखलू
आहेत, भरपूर. गंमत म्हणजे इंग्लंडातून ती काही शतकांपूर्वी संपली होती. मग नव्वदीत रॉस-ऑन-वायकडच्या एका फार्मवरून काही सुटली, आणि २००४ ला कोणीतरी साठेक डुकरं स्टॉन्टनजवळ रात्रीतून आणून सोडून दिली. कोणी ते कळलं नाही. त्यांची आता वस्ती झालीय. रस्त्याकडेचं गवत नांगरल्यासारखं उलटंपालटं दिसलं की त्यांचंच काम. प्राणी स्वतः क्वचित दिसतो. वसंतात पिल्लं असतात, पट्टेवाली, खूप गोड, आणि आई कुठेतरी दहा फुटांवर असते हे लक्षात ठेवायचं. कुत्रा असेल तर बांधून. बाकी आपण बोलत बोलत गेलो की ती स्वतःच निघून जातात.

पुणेरी_पाटी
मराठी चार माणसं बरोबर असतील तर डुकरं मॉनमथपर्यंत जातील.

डॉ_सुई
डुकरापेक्षा गोचिडाला घाबरा. मी इथे जीपी आहे, दर उन्हाळ्यात केसेस बघते. उंच गवत आणि ब्रॅकन (आपलं नेचं, जुलैपर्यंत डोक्याएवढं होतं) यातून चाललात तर फुल पँट, पायजमा मोज्यात खोचायचा, दिसायला कसाही दिसो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला बघायचं, आईबाबांना पण बघायला सांगा, लाजू नका. चिकटलेला असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, तेल, काडी, व्हॅसलिन हे उद्योग करायचे नाहीत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चकती पसरत गेली किंवा ताप-अंगदुखी आली तर डॉक्टर गाठायचा आणि गोचीड चावल्याचं आठवणीने सांगायचं. लाइम (गोचिडातून होणारा आजार) वेळेत ओळखला की गोळ्यांनी बरा होतो.

कानडीकाठ
मी आता बाथलाच जाते.

लिडनीचे_काका
हा धागा उशिरा बघितला. मी लिडनीला ३४ वर्षं राहतोय, म्हणजे जंगलाच्या खालच्या दाराशी. थोडं लिहितो, मग तुमच्या प्रश्नाकडे येतो.

ओकची झाडं दिसतील ना स्पीच हाऊसच्या बाजूला, त्याची गोष्ट अशी. १८०२ ला ॲडमिरल नेल्सन इथून गेला आणि ओकची दुर्दशा बघून हादरला, कारण नौदलाची जहाजं ओकची. मग १८०८ ला कायदा करून ११ हजार एकर कुंपण घालून ओक लावायचं ठरलं. ओक तयार व्हायला शंभर-सव्वाशे वर्षं. झाडं हाताशी येईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली. ज्यांच्यासाठी लावली ते गेले, आणि आता त्याखाली आपण थर्मासमधला चहा पितो.

सह्यवेडा
काका, याचं दुसरं टोक आपल्या मुंबईत आहे. ओकची टंचाई म्हणूनच ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधून घेतली, वाडियांकडून. एचएमएस ट्रिंकोमाली १८१७ ची, मलबारी सागाची, आज हार्टलपूलला पाण्यावर आहे, मी आत जाऊन आलोय. म्हणजे डीनमध्ये ओकची रोपं गुडघाभर होती तेव्हा आपला साग समुद्रात उतरला होता.

लिडनीचे_काका
अगदी. हे मी इथल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणे, पण झाडं आमची राहिली ना! उत्तर सुचलं नाही.

बरं, इथले लोक स्वतःला फॉरेस्टर म्हणवतात आणि त्यांचा एक जुना हक्क आहे, फ्रीमायनरचा. सेंट ब्रीव्हल्सच्या हंड्रेडमध्ये (म्हणजे जुना परगणा) जन्म हवा, वय २१ च्या वर हवं, आणि एक वर्ष एक दिवस खाणीत काम केलेलं हवं. मग तुम्ही राजाच्या जंगलात स्वतःची कोळशाची खाण मागू शकता. आजही दोनचार जण खणतात. अडचण अशी की आता बाळंतपणं बहुतेक ग्लॉस्टरला होतात, म्हणजे हद्दीबाहेर, त्यामुळे नवे फ्रीमायनर जन्माला यायचेच कमी झालेत.

पुणेरी_पाटी
डोमिसाइल, जन्मदाखला आणि अनुभव प्रमाणपत्र. तीन झेरॉक्स. चौथी खिडकी. जेवणाची सुट्टी.

मिसरूड
अस्वलांची गोष्ट काय ती? रुअर्डीनला पबमध्ये कोणीतरी म्हणालं "अस्वलांचं विचारू नको."

लिडनीचे_काका
विचारू नकोच. १८८९ ला काही फ्रेंच दरवेशी दोन अस्वलं नाचवत इथे आले होते. अफवा उठली की अस्वलाने पोराला मारलं, बाईला फाडलं. सगळं खोटं. जमाव मागे लागला आणि दोन्ही अस्वलं मारून टाकली. तेव्हापासून "अस्वलं कोणी मारली?" हा इकडे डिवचायचा प्रश्न. खरी गंमत म्हणजे जमाव बराचसा सिंडरफर्डचा होता आणि नाव चिकटलं रुअर्डीनला, कारण अस्वलं तिकडे मेली. आमच्या नगर जिल्ह्यात पण अशी दोन गावं आहेत, नावं घेत नाही.

कंदीपेढा
काका, वाचायला भारी वाटतंय पण माझा मूळ प्रश्न अस्वलाने खाल्ला का?

लिडनीचे_काका
:) येतो. तुमचे बाबा पाटबंधाऱ्यातले ना? मग यॅट, पझलवूड सगळं ठेवा बाजूला. त्यांना कॅनॉपला न्या. तिथली दोन तळी म्हणजे बांधीव आहेत, १८२० च्या दशकात पार्कएंडच्या लोखंडाच्या भट्ट्यांचं चाक फिरवायला पाणी हवं म्हणून ओढा अडवून केली. काठाने जवळजवळ सपाट चालणं, बदकं आहेत, त्यातली मँडरिन तर रंगपंचमी खेळून आल्यासारखी. आई तिथे बाकावर बसतील किंवा काठाने चालतील. बाबांना दोन तळ्यांच्या मधून, दगडाच्या कारखान्यापासून बिक्सस्लेडच्या दरीत वर पाठवा. ती वाट १८१२ च्या ट्रामरोडची, म्हणजे घोड्यांनी रुळांवरून दगडाच्या वाघिणी ओढायची. रूळ गेले पण खालचे दगडी ठोकळे अजून रांगेने आहेत. वरती युनियन खाणीचं स्मारक आहे, १९०२ ला जुन्या खाणीचं पाणी आत घुसून चार जण गेले. चढ आहे पण बेताचा, घोड्याला झेपेल एवढाच.

आणि हरवणार नाहीत. दरी एकच, पाणी एकाच बाजूला जातं.

भटकभवानी
काका, हे मला पण नवीन. १२ वर्षं त्या तळ्यांशी गाडी लावतेय!

एप्रिलअखेर जाताय तर ब्लूबेल मिळतील, आख्खी जमीन निळी. फोटोसाठी आत शिरू नका, तुडवली की ती जागा सावरायला वर्षं लागतात, आणि कांदे उपटणं तर बेकायदेशीर आहे. रानलसणीचा पण तोच मोसम, वास आधी येतो मग पानं दिसतात.

डॉ_सुई
रानलसूण खुडणार असाल तर एक. त्याच गर्दीत लॉर्ड्स अँड लेडीज नावाचं विषारी रोप उगवतं, कोवळं पान फसवतं. एकेक पान बघून खुडायचं, मूठभर ओरबाडायचं नाही. "चुरडून वास घ्या" हा सल्ला पहिल्या दोन पानांपुरताच, नंतर हातालाच लसणीचा वास असतो.

कंदीपेढा
(मे महिन्यात, वचन दिल्याप्रमाणे)
मंडळी, जाऊन आलो. मंगळवारी गेलो, सुट्टी टाकून.

सकाळी यॅट रॉक केला. ससाणा दिसला, आईला दुर्बिणीत घरटं पण दिसलं, त्या स्वयंसेवक आजींनी आईला इंग्रजीत आणि आईने त्यांना मराठीत सगळं समजावलं, दोघींचं छान जमलं. बाबा दरीकडे बघून एवढंच म्हणाले, "हं. वळण चांगलं घेतलंय." नदीने.

मग कॅनॉप. इथे खरी मजा. बाबा तळ्याच्या बांधावर जे उभे राहिले ते हलेचनात. सांडवा बघितला, पाणी कुठून येतं, गाळ किती असेल, बांधावर झाडं वाढू दिलीत हे त्यांना अजिबात पसंत पडलं नाही. "मुळं आत जातात, पाणी मुळाच्या वाटेने झिरपतं, आमच्यात मेमो मिळाला असता." चाळीस मिनिटं. आई आणि बायको तोवर तळ्याला अख्खा राउंड मारून आल्या.

मग आम्ही दोघं बिक्सस्लेडला वर. काका, ते ठोकळे! मी एकट्याने गेलो असतो तर नुसते दगड म्हणून ओलांडून गेलो असतो. बाबा एकापाशी उकिडवे बसले, शेवाळ अंगठ्याने बाजूला केलं, वर दोन भोकं, त्यात बोट घालून बघितलं. म्हणाले, इथे खिळा होता. मग पावलांनी पुढच्या ठोकळ्याचं अंतर मोजलं, त्याच्या पुढचं मोजलं, आणि म्हणाले, घोड्याचे पाय मधे पडायला जागा सोडलीय बघ. स्मारकापाशी आम्ही दोघंच होतो. बाबांनी टोपी काढली. पैठणला कामावर असताना त्यांचा एक माणूस गेला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

परत येताना मी नकाशा काढला तर म्हणाले ठेव. फेब्रुवारीत कुठे चुकलात ते दाखव. मी हाताने अंदाजे दाखवलं. तर म्हणे, तिथून कुठल्याही ओढ्याच्या उताराला लागला असतास तर याच तळ्यावर आला असतास, इथलं सगळं पाणी इथेच येतं आणि पुढे लिडनीला.

मीच_ती
म्हणजे डावीकडे.

सह्यवेडा
हाहाहा. बाबांना दंडवत सांगा. (फक्त बाकीच्यांनी हे डोळे झाकून करू नका, सह्याद्रीत ओढा धरून उतरलात तर धबधब्याच्या माथ्यावर जाऊन उभे राहाल.)

लिडनीचे_काका
फार बरं वाटलं वाचून. पुढच्या वेळी घरी या, सांडव्यावर चर्चा करू. बांधावरच्या झाडांबद्दल मी इथल्या लोकांना हेच सांगत असतो.

गोधडी
आईंचा गुडघा? आणि रानलसूण मिळाली का?

कंदीपेढा
गुडघा ठीक. हाताला मात्र नेटल (आग होणारं रोप) लागलं, लसूण खुडताना. तिथल्या एका बाईने डॉकचं पान चोळायला दिलं, आई म्हणाली काही उपयोग नाही, कोकमाचं आगळ असतं तर बरं झालं असतं. पानं मात्र घरी आली, डॉक्टरांच्या धाकाने एकेक तपासून. रात्री थालीपीठ. ब्रिस्टलच्या आख्ख्या जिन्यात वास, खालच्या मजल्यावरची पोरं विचारायला आली, त्यांना पण दिलं.

कानडीकाठ
थालीपिठाची रेसिपी टाका ना, भाजणी कुठली वापरली?

मिसरूड
नवीन धागा काढा त्याला.

शेवटचीबस
नमस्कार, धागा आत्ताच बघितला. आईबाबा जूनमध्ये येतायत, त्यांना फॉरेस्ट ऑफ डीनला न्यायचंय. आईचा गुडघा दुखतो. कुठे नेऊ?

पुणेरी_पाटी
ओढा धरून वर जा.